शांत स्वभावाची कोंबडी पाहिजे

"कोंबड्या पाळूया का आपण?" असं कुमुदने विचारलं, तेव्हा सत्यजीत टिपणीस स्वयंपाकघराच्या दाराच्या बिजागरीला तेल घालत होते. दार करकरत नव्हतं. पण पुढेमागे करकरलं तर काय घ्या, म्हणून ते दर रविवारी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल पाजायचे.

"कोंबड्या?"

"चारच. मागच्या बागेत. तुम्ही निवृत्त झाल्यापासून दिवसभर पेपरात तोंड खुपसून बसता आणि मी सिंकमध्ये. घरात काहीतरी हलतंबोलतं हवं हो."

टिपणिसांनी यातलं 'हलतं' तेवढं मनावर घेतलं. 'बोलतं' त्यांनी सोडून दिलं आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

टिपणिसांचं आणि आवाजाचं वैर जुनं होतं. त्यांची सगळी नोकरी द्रोणागिरीच्या एका गोदामात करार तपासण्यात गेली. खिडकीबाहेर दिवसभर कंटेनर उचलून आपटायचे. आत मोठे साहेब तेच माणसांना करायचे. म्हणून त्यांनी घर घेतलं तेच मुळी शांतता बघून, नवीन पनवेलला 'निशिगंध' सोसायटीत, टोकाचं रो-हाउस. मग ती शांतता राखायला सोसायटीचे सचिव झाले आणि सचिव झाल्या झाल्या एक ओळीचा नियम मंजूर करून घेतला: एका घराचा आवाज दुसऱ्या घरात जाता कामा नये. दोनदा समज, तिसऱ्यांदा सर्वसाधारण सभा. या नियमापायी ढोलकीचा क्लास गेला, एक भुंकणारा कुत्रा गेला, आणि गुरुवारचं भजन टाळांवरून टाळ्यांवर आणि टाळ्यांवरून नुसत्या माना डोलावण्यावर आलं. सोसायटीत त्याला 'टिपणिसांचा नियम' म्हणायचे. कोणाच्या नावाने चौक असतो, कोणाच्या नावाने बसायचा बाक असतो. टिपणिसांच्या नावाने हा नियम होता आणि तो त्यांना पोटच्या पोरासारखा होता. त्यांची खरी पोटची पोर रिया बंगळुरूला असते. ती फोनवरसुद्धा कुजबुजते.

आता कुमुदला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिने हट्ट असा केलाच नव्हता. पण नियम करणाऱ्याच्याच घरातून आवाज गेला तर तोंड कुठे लपवायचं? टिपणिसांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी चहा घेताना जाहीर केलं, "पाळू. पण शांत स्वभावाची कोंबडी बघून पाळू."

"कोंबडीचा स्वभाव कुठे बघतात?" कुमुदने विचारलं.

"चौकशी करावी लागेल," टिपणीस म्हणाले.

चौकशी त्यांनी कुंपणाच्या भिंतीपासून सुरू केली. भिंतीपलीकडे बळीराम म्हात्रे राहायचे, मूळचे गव्हाणचे. जमिनी गेल्या, पैसे आले, रो-हाउस झालं, पण गळा मात्र खाडीच्या या काठावरून त्या काठाला हाक मारणाराच राहिला. टिपणिसांनी त्यांना फोनवरच्या बोलण्याबद्दल दोनदा समज दिलेली होती. दुसरा एखादा कायमचा तोंड फिरवून बसला असता. बळीराम नुसते हसले होते, आणि तेही मोठ्याने.

"शांत कोंबरी?" बळीराम म्हणाले. "सायेब, शांत कोंबरी येकच. रश्यातली."

"पाळायची आहे."

"मंग ती वरडनार. अंडा घातला का वरडते, नाय घातला तरी वरडते. तिला तोंड हाय ना!"

"त्यातल्या त्यात कमी बोलणारी एखादी जात?"

"जात?" बळीरामनी डोकं खाजवलं आणि घराकडे वळून आपल्या बायकोला हाक मारली. "भामा! टिपनीस सायबांना मुकी कोंबरी पायजे!"

ही हाक चार घरं पलीकडे पोचली. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टिपणिसांना सल्ल्यांचा पाऊस पडला. एकाने गिनी फाउल सुचवला, तो राखणदारीला चांगला म्हणून. राखणदारी तो ओरडूनच करतो हे टिपणिसांनी वेळीच वाचलं आणि बचावले. दुसऱ्याने टर्की सुचवला. तिसऱ्याने देवपूजेच्या घंटेबद्दलची स्वतःची जुनी तक्रार पुन्हा मांडली. समोरच्या घरातला विश्वजीत मात्र स्वतः येऊन बसला. हा मुलगा कॉम्प्युटरमध्ये काहीतरी करतो आणि घरूनच करतो.

"काका, डक्स घ्या. मस्कव्ही. मी रील बघितलंय. दे आर लिटरली म्यूट."

टिपणिसांनीही रील बघितलं. त्यात एक बदक हिरवळीवरून चालत होतं आणि खरोखरच काही बोलत नव्हतं. मागे कोणीतरी बासरी वाजवत होतं, ते वेगळं. आठवड्याच्या आत दोन बदकं बागेत आली.

बदकं शांत होती, यात वादच नाही. ती ओरडत नसत. ती मान पुढे काढून फुसफुसत. कुमुद तांदूळ टाकायला गेली की दोघं एकमेकांकडे बघून फुसफुसायची आणि ती लांब गेली की थांबायची.

"माझ्याबद्दलच बोलतात ती," कुमुद म्हणाली. "नणंदा आल्यासारखं वाटतं."

पण बदकं गेली ती या कारणाने नाही. बदकांना डुंबायला पाणी लागतं म्हणून टिपणिसांनी बागेत मोठा टब भरून ठेवला होता. डासांच्या अळ्या शोधत महापालिकेचा माणूस आला, त्याने टबात टॉर्च मारला आणि समाधानाने मान हलवली.

"साठवलेलं पाणी आहे."

"बदकांसाठी आहे. मी रोज बदलतो."

"रोज बदलता, तर मग साठतं कसं?"

 तो माणूस पुढे म्हणाला, की बदकं पाळताय तर पाळण्याचं काही कागदपत्र आणून दाखवा, मग पाण्याचं बघू. टिपणिसांना हे आवडलं. कागद म्हटलं की त्यांना हुरूप यायचा. ते जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथले कर्मचारी म्हणाले, "बदकं येतात की आमच्याकडे. पण आजारी. तुमची तर धडधाकट आहेत म्हणता. त्यांचं आम्ही काय करणार?" टिपणिसांनी बदकं आजारी पडेपर्यंत थांबावं का, असं विचारलं, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की बदकाच्या भानगडीत पडूच नका, जपानी लाव्हे पाळा, लहान पक्षी, आवाज बेताचा. फक्त लाव्हा म्हटल्यावर वनखात्याला विचारून घ्या. वनखात्यात एका सज्जनाने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लाव्हा जपानी आहे ना? मग तो आमचा नाही. जनावरांच्या दवाखान्यात जा." टिपणिसांनी पाणी संपवलं आणि घरी आले. बदकं उरण रस्त्यावर शेततळं असलेल्या एका जुन्या सहकाऱ्याला देऊन टाकली. जाताना ती टिपणिसांकडे बघून फुसफुसली, आणि या खेपेस ती कोणाबद्दल बोलत होती याची त्यांना शंका राहिली नाही.

 कुमुदने रिकामा टब पालथा घालून ठेवला आणि आत गेली. ते बघून टिपणिसांना फार वाईट वाटलं. ते लगेच गाडी काढून गव्हाणच्या वाटेवरच्या कोंबडीवाल्याकडे गेले. कोंबडी ती कोंबडी, बळीराम म्हणतात ते खरं, पण शंभरात चार तरी मितभाषी निघतील की नाही? माणसांत निघतात. टिपणीस स्वतःच होते.

कोंबडीवाल्याच्या जाळीसमोर ते तासभर कान देऊन उभे राहिले. मग त्यांनी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. टाळी वाजवली, छत्री फट्‍कन उघडली, गाडीत जाऊन हॉर्न दिला. जी कोंबडी ओरडली ती बाद.

"लोक वजन बघतात," कोंबडीवाला म्हणाला. "तुम्ही काय बघताय?"

"स्वभाव."

"मग लग्नाला मुलगीच बघा की!" कोंबडीवाला म्हणाला, पण गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून त्याने टोपल्या पुढे केल्या. शेवटी चार पक्षी उत्तीर्ण झाले. छत्रीलाही भ्याले नाहीत, हॉर्नलाही नाही. टिपणीस विजयी मुद्रेने घरी आले.

त्यातल्या दोन आठवडाभरात मेल्या. त्या शांत नव्हत्या, आजारी होत्या. जनावरांच्या दवाखान्यात आता त्यांना आनंदाने घेतलं असतं, पण तोवर उशीर झाला होता. तिसरी तपकिरी, खरोखरच गरीब, अंडं घातल्यावर दोनदा क्लक क्लक करून स्वतःच ओशाळणारी. आणि चौथा पक्षी पांढरा, मानेवर काळे ठिपके, उंचेला, कोपऱ्यात उभा राहून शून्यात बघत बसणारा. त्याने दाण्यासाठी कधी घाई केली नाही की कशाबद्दल तक्रार केली नाही. टिपणिसांनी त्याचं नाव ठेवलं मौनी.

मौनी कुमुदच्या मांडीवर येऊन बसायला लागला. ती शेंगा सोलता सोलता त्याच्याशी बोलायची. रियाचा फोन आला नाही, गुडघा दुखतो, आज डाळीत मीठ जास्त झालं. हळू आवाजात, पण बोलायची. टिपणीस पेपराआडून बघायचे आणि त्यांना धन्य वाटायचं. एका टोकाला बायको खूश, दुसऱ्या टोकाला नियम शाबूत. अशी तडजोड मोठमोठ्या माणसांना जमत नाही.

मौनीचा तुरा लाल व्हायला लागला. शेपटीची पिसं कमानीसारखी वळली. टिपणीस म्हणाले, "खुराक चांगला लागू पडलाय." बळीरामनी भिंतीवरून एकदा मौनीकडे बघितलं, एकदा टिपणिसांकडे, आणि तोंडाला पंचा लावून घरात निघून गेले. सांगायला त्यांचं मन धजलं नाही, असं भामाबाईंनी पुढे कबूल केलं.

एका पहाटे मौनीने मौन सोडलं.

पहिला प्रयत्न जुन्या स्कूटरला किक मारावी तसा झाला. दुसरा जरा बरा. तिसऱ्याला त्याला गळा सापडला, आणि त्यानंतर तो निशिगंध सोसायटीला, पलीकडच्या दोन सोसायट्यांना आणि रेल्वे लाइनच्या बाजूच्या झाडांवरच्या कावळ्यांनाही ऐकू गेला. टिपणीस अंथरुणात उठून बसले. त्यांना वाटलं, स्वप्नच आहे आणि ते द्रोणागिरीचं आहे.

"कोंबडाय तो," कुमुद अंधारात म्हणाली. तिच्या आवाजात हसू असल्यासारखं वाटलं, पण टिपणिसांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

पुढचे दिवस टिपणिसांच्या आयुष्यातले फार हलाखीचे गेले. कोंबड्याला अंधारात ठेवलं की आरवत नाही असं कोणी सांगितलं, म्हणून त्याला बाथरूममध्ये ठेवला. तो अंधारात आरवला आणि टाइल्समुळे आवाज घुमून दुप्पट झाला. गाडीत ठेवला, तर त्याच्या फडफडीने गाडीचा अलार्म वाजला. रियाने बंगळुरूहून कोंबड्याच्या गळ्यात बांधायचा, आरवणं दाबणारा एक पट्टा पाठवला. तो मौनीने अर्ध्या दिवसात काढला आणि तपकिरीने खाल्ला. जवळच्या नव्या विमानतळाची विमानं डोक्यावरून घरघरत जात होती, त्यांना समज देण्याची कोणाचीच टाप नव्हती. पण विश्वजीत दारात आला.

"काका, काल अमेरिकन क्लायंटसोबत कॉल होता. मध्येच हा ओरडला. क्लायंट म्हणाला, आर यू ऑन अ फार्म? काका, आय अ‍ॅम अ सीनियर आर्किटेक्ट."

टिपणिसांनी सचिव या नात्याने स्वतःला पहिली समज दिली आणि रहिवासी या नात्याने खाली मान घालून ऐकून घेतली. दुसरी समज चार दिवसांनी दिली. तिसऱ्या वेळेस सभा. आपल्याच नियमाखाली आपण सभेत आरोपी म्हणून उभे आहोत, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोरून जाईना.

"द्या मना," बळीराम म्हणाले. "आयतवारी बगतो."

हे कुमुदने ऐकलं. ती एवढंच म्हणाली, "मौनीला काही झालं तर मी वसईला ताईकडे जाऊन राहीन. परत यायचं की नाही ते तिथे ठरवीन." आणि दार हळूच लावून घेतलं. बिजागरीला तेल होतं, त्यामुळे तो रागही बिनआवाजाचा झाला.

तेव्हा भामाबाईंनी मार्ग सुचवला. गव्हाणला त्यांच्या वाडीची देवी आहे, नवसाला पावते. "तिला सांगा. आमच्या जावेचा पोर पाच वरस बोलत नव्हता, आता गप बसत नाय."

"मला उलटं हवंय," टिपणीस म्हणाले.

"तिला काय, दोनी येतात."

टिपणीस नवससायास मानणारे नव्हते. पण सगळी कार्यालयं पालथी घालून झाल्यावर माणसाने वरच्या कार्यालयात जायचं नाही तर कुठे? रविवारी बळीराम, भामाबाई, कुमुद आणि टोपलीत मौनी, असे सगळे गव्हाणला गेले. बळीरामनी वाटेत पढवून ठेवलं होतं. "जास्ती बोलू नका. आवाज बंद कर, तुला कोंबरा देतो. येवराच."

पण देवळात गेल्यावर टिपणिसांना हे फार रोखठोक वाटलं. शेजारी कुमुद उभी होती, तिच्या काखेत मौनी होता, आणि 'देतो' म्हणजे काय ते दोघांनाही कळत असावं. शिवाय आयुष्यभर टिपणिसांनी अर्ज लिहिले होते. समोरच्याला काही मागायचं तर आपल्या बाजूने भरघोस हमी द्यावी, म्हणजे अर्ज फेटाळला जात नाही, हा त्यांचा अनुभव. आणि मुका कोंबडा सांभाळायला जड तो काय? त्यांनी हात जोडले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "हे माते, सदर कोंबड्याचा आवाज बंद करण्याची कृपा व्हावी. त्या बदल्यात मी त्याचा जन्मभर प्रतिपाळ करीन. त्याला कोणी इजा करणार नाही. त्याला माझ्या घरातून कोणी हलवणार नाही. हा कोंबडा आजपासून तुझा."

पुजाऱ्याने मौनीच्या तुऱ्याला कुंकू लावलं. बळीरामनी कपाळाला हात लावला, पण देवळात काही बोलले नाहीत. कुमुदने टिपणिसांकडे इतक्या मायेने बघितलं, की परत येताना त्यांना कितीतरी दिवसांनी शीळ घालावीशी वाटली. घातली नाही, ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी पहाटे मौनी आरवला नाही.

त्याच्या पुढच्या पहाटेही नाही. तो पिसं फुलवून बसला होता, चोच उघडायचा आणि बंद करायचा. टिपणिसांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तडक पेढे घेऊन आले आणि घराघरात स्वतः जाऊन वाटले. ज्यांनी त्या रविवारपर्यंत कधी देवळाची पायरी चढली नव्हती, त्या टिपणिसांनी देवी कशी पावली ते प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं. विश्वजीतला तर दोन पेढे दिले. ग्रुपवर मौनीचा कुंकू लावलेला फोटो टाकला आणि खाली नवसाचे शब्द, एकही न गाळता, लिहिले.

मौनीला सर्दी झाली होती. गव्हाणहून येताना टिपणिसांनी गाडीतला एसी त्याच्या टोपलीकडे वळवून ठेवला होता, पाहुणा म्हणून. कुमुदने ते ओळखलं. तिने त्याला हळदीचं पाणी पाजलं, ओव्याचा शेक दिला, मांडीवर घेऊन बसली. तिसऱ्या पहाटे मौनी खडखडीत बरा झाला आणि विश्रांती मिळालेल्या गळ्याने असा आरवला, की विश्वजीतच्या घरातला दिवा लागला.

टिपणीस पायजम्यावरच भिंतीशी गेले. "बळीराम! नवस फसला. आता मी बांधील नाही."

"फसला कसा?" बळीराम दात घासत म्हणाले. "तुमी बोलला, बंद कर. तिनी बंद केला. कवापरयंत ते बोलला का? जलमभर कोन बोलला? तुमी. सोतासाठी."

"पण मुदत गृहीत असते हो!"

"आमी पेढं खाल्लं ना," भामाबाई आतून म्हणाल्या. "नवस फिटल्याबिगर कोन पेढं वाटतो? आता त्यो देवीचा कोंबरा हाय. त्याला हात लावनार नाय कोनी."

तीस वर्षं करारांतल्या चुका काढणाऱ्या माणसाने आयुष्यातला एकच करार देवीशी केला आणि त्यात मुदतीचं कलम विसरला. टिपणिसांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शेवटचा उपाय म्हणून ते महापालिकेत गेले. कोणीतरी येऊन कोंबडा जप्त करून नेला, तर आपण हलवला असं होत नाही, हा बारकावा त्यांनी शोधून काढला होता.

"तक्रारदार कोण?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"मी."

"कोंबडा कोणाचा?"

"तसा माझाच."

बाईंनी चष्मा काढला. "मग तुम्ही स्वतःशी बोलून घ्या ना काका. आपसात मिटत असेल तर चांगलंच असतं."

"नाही, तो आता देवीचा आहे," टिपणीस म्हणाले, आणि म्हणताक्षणी आपण चूक केली हे त्यांना कळलं. बाईंनी अर्ज दोन बोटांनी उचलून परत त्यांच्यासमोर ठेवला, नकळत छातीला हात लावला आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

सभा पार्किंगमध्ये भरली. सगळे आले. भजनाच्या बायका आल्या, ढोलकीच्या क्लासवाले आले, कुत्रा गेलेलं कुटुंब आलं. इतकी गर्दी टिपणिसांनी पाणीपट्टी वाढली तेव्हाही पाहिली नव्हती. सचिव म्हणून विषय त्यांनीच वाचून दाखवला: "सचिवांच्या घरातून येणाऱ्या आवाजाबाबत." वाचताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला नाही.

विश्वजीत उभा राहिला. "नियमाप्रमाणे कोंबडा जायला हवा. पण तो देवीचा आहे. आय मीन, मी पर्सनली मानत नाही. पण रिस्क कशाला? आईने सांगितलंय, त्याला धक्का लावणाऱ्यात तू नसशील."

सगळ्यांच्या माना हलल्या. गुरुवारच्या सरावाने त्या चांगल्या हलत होत्या.

"म्हंजे कोंबरा हलत नाय," बळीराम म्हणाले. "मंग नियम हलवा. त्याला कोन देव बसलेला नाय."

टिपणीस उठले. बोलण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ होतं. रात्री झोपेतून दचकून उठणारी म्हातारी माणसं, परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं, शांततेत ऐकू येणारा पानांचा आवाज. पण त्यांनी एवढंच म्हटलं, "हा नियम काढला तर माझं या सोसायटीत काय राहिलं?" आणि हे इतकं खरं होतं, की हलणाऱ्या माना थांबल्या. बळीरामनीही खाली बघितलं.

मग मतदान झालं. नियम रद्द करावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत. लोक एकमेकांकडे बघत होते. सचिवाच्या तोंडावर पहिला हात कोणी करायचा? आणि पहिला हात बायकांच्या रांगेतून, दुसऱ्या खुर्चीतून वर आला. तो कुमुदचा होता. त्यानंतर बाकीचे भराभर आले.

घरी आल्यावर टिपणीस बराच वेळ चपला न काढता उभे राहिले. "दुसरं कोणीही चाललं असतं, कुमुद. तू?"

कुमुद पदराने तोंड पुसत होती. "आपला कुकर बिनआवाजाचा आहे, असं तुम्ही चारचौघांत सांगता ना? कोणताही कुकर बिनआवाजाचा नसतो हो. शिट्टी व्हायच्या आत मी ती फडक्याने उचलून वाफ सोडते. रोज. आपण इथे राहायला आल्यापासून." तिने हात पुढे केला. बोटांच्या पेरांवर जुने, काळपट डाग होते. "तुम्हाला वाटलं मी कोंबड्या अंड्यांसाठी मागितल्या. मला वाटलं, त्या तरी बोलतील. त्यांना कोण समज देणार?"

टिपणिसांनी तो हात हातात घेतला. त्यांना लाज वाटली, आणि सगळ्यांत जास्त लाज याची वाटली, की हे डाग त्यांना रोज दिसत होते आणि ते त्यांना हळदीचे वाटत होते. "सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"मोठ्याने?" कुमुदने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात कुकरची पहिली मोकळी शिट्टी झाली. टिपणीस हॉलमध्ये सोफ्यावर बसले होते, ते दचकून अर्धे उठले. बागेतून मौनीने शिट्टीला उत्तर दिलं. कुकरने दुसरी शिट्टी केली, मौनीने तिलाही सोडलं नाही. तपकिरीने अंडं घातलं आणि न ओशाळता सगळ्यांना सांगितलं. भिंतीपलीकडून भामाबाईंनी काय शिजतंय म्हणून विचारलं, आणि कुमुदने इथून ओरडून सांगितलं, "वालाची खिचडी!" आणि पोट धरून हसत सुटली. तिचं हसणं इतकं मोठं आहे हे टिपणिसांना माहीतच नव्हतं. वर विमान गेलं. कोपऱ्यावरच्या घरात कोणीतरी ढोलकीला शाई लावून थाप बघत होतं.

टिपणीस परत बसले. पेपर उचलला, तो उलटा होता, तसाच धरला. या घरात शांत स्वभावाचा प्राणी आता एकच उरला होता, आणि तो अंडी देत नव्हता.